नमनाला घडाभर तेल

‘कार्निव्हाल’ पाहिलेली दोन माणसं भेटली की पहिली दहा मिनिटं गळ्यात गळे घालतात आणि अकराव्या मिनिटाला भांडतात. मालिका बंद पडली 2005 साली. मधल्या काळात किती मालिका आल्या, गाजल्या, विस्मरणात गेल्या. हिच्या चाहत्यांचं भांडण मात्र अजून ताजं आहे. पहिला सीझन मुद्दाम इतका संथ ठेवला होता का, की लेखकांनाच पुढचा रस्ता दिसत नव्हता?

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. काळ 1934चा. अमेरिकेत मंदी आहे, मैदानी राज्यांत धुळीच्या वादळांनी शेती उजाड केली आहे, आणि त्या धुळीतून एक फिरती जत्रा गावोगाव चालली आहे. तिच्यात येऊन पडतो बेन हॉकिन्स. याच्या हातात माणूस बरा करण्याची शक्ती आहे, पण तो जीव आजूबाजूच्या कशातून तरी काढून घ्यावा लागतो. पहिल्याच भागात तो एका पांगळ्या मुलीला चालवतो आणि शेजारचं पीक करपून जातं. तिकडे कॅलिफोर्नियात ब्रदर जस्टिन नावाचा धर्मोपदेशक आपल्या आतल्या अंधाराला देवाची आज्ञा समजू लागला आहे. दोघांना एकच स्वप्नं पडतात. झुंज यांच्यातच होणार हे आंधळ्यालाही दिसतं. पण दोघं समोरासमोर यायला दुसऱ्या सीझनची अखेर उजाडते.

म्हणूनच ‘नमनाला घडाभर तेल’ हा आरोप. बारा भाग बेन बापाचा माग काढत भटकतो, बारा भाग जस्टिन स्वतःशी झगडतो, आणि पडद्याआड बसून जत्रा चालवणारा ‘मॅनेजमेंट’ नावाचा गृहस्थ काही केल्या तोंड दाखवत नाही. आरोप करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पहिल्या भागाला पन्नास लाखांहून अधिक प्रेक्षक होते, दुसरा सीझन सुरू झाला तेव्हा निम्मेही उरले नव्हते. गेलेले प्रेक्षक काही कलेचे वैरी नव्हते, कंटाळले होते एवढंच.

तरी या वादात मी संथपणाच्या बाजूने आहे, आणि माझा पुरावा म्हणजे बॅबिलॉन. पहिल्या सीझनच्या मध्यावर जत्रा या नावाच्या एका ओसाड खाणगावात तळ ठोकते. बेन आणि जस्टिन यांची गोष्ट इथे फारशी पुढे सरकत नाही. डोरा मे या नाचणाऱ्या मुलीचा खून होतो, जत्रेतली माणसं आपल्याच पद्धतीने न्याय करायला बसतात, आणि शेवटी जत्रेचा कारभारी सॅमसन त्या गावात परततो तेव्हा त्याला खिडकीत डोरा मे दिसते. मेल्यावरही तिची त्या गावातून सुटका नाही. त्या क्षणी सॅमसनचा चेहरा पाहावा. इतका वेळ सगळ्यांना दटावणारा, प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवणारा हा माणूस, आणि आता त्याच्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही. कथानकाच्या हिशेबाने हे दोन भाग काढून टाकले तरी चालतील. पण ते काढले तर जत्रेतल्या माणसांची काळजी वाटायची कारणंही त्यांच्याबरोबर जातात, आणि मग देव-सैतानाची झुंज कोणीही जिंको, आपल्याला काय त्याचं?

खरी गोम हिशेबात होती. मालिकेचा जनक डॅनियल नॉफ याने सहा सीझन योजले होते: दोन-दोन सीझनचा एक खंड, असे तीन खंड, 1934पासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत. सहा सीझनच्या मापाने पहिले बारा भाग म्हणजे प्रस्तावना. पण एका भागाचा खर्च चाळीस लाख डॉलरच्या घरात. धूळ, जुन्या मोटारी, त्या काळचे कपडे, शेकडो माणसं, हे सगळं स्वस्तात होत नाही. वाहिनीने तो निम्म्यावर आणायला सांगितलं, जमलं नाही, आणि चोवीस भागांवर पडदा पडला. चाहत्यांनी ईमेलचा पाऊस पाडला, काही उपयोग झाला नाही.

मालिका अशी मध्येच तुटली की वादात एक गंमत होते. जो धागा लोंबकळत राहिला त्याला ‘पुढे उलगडणारच होता’ हे उत्तर तयार असतं. ते खोडून काढता येत नाही, कारण ‘पुढे’ नाहीच. पूर्ण झालेल्या मालिकेला ही सवलत कुठे? तिथे फसलेला धागा फसलेलाच. नॉफने नंतर चाहत्यांना पार्श्वभूमीची बरीच माहिती पुरवली आणि तिचे दाखले लोक धर्मग्रंथासारखे देतात. मला ते पटत नाही. पडद्यावर आलं नाही ते गोष्टीत नाही. कागदावर प्रत्येक बेत सुंदरच दिसतो.

हे सोफीच्या बाबतीत फार जाणवतं. पत्ते मांडून भविष्य सांगणारी, निपचित पडलेल्या आईशी मनातल्या मनात बोलणारी ही मुलगी जस्टिनची लेक निघते आणि शेवटच्या भागात तिचे डोळे काळे होतात. ‘बीजं पहिल्यापासून पेरली होती’ असं तिचे पाठीराखे सांगतात. पेरली असतील, पण उगवायला वेळ नको? पहिल्या सीझनने वाट पाहायला लावली, दुसऱ्याने हाताला धरून फरफटत नेलं. संथपणाला शिव्या देणाऱ्यांनी कधी या घाईलाही दोन शब्द सुनावावेत.

घाईचं दुसरं उदाहरण म्हणजे ‘ट्विन पीक्स’ ही मालिका. लॉरा पामरला कोणी मारलं हे वाहिनीच्या दबावाखाली दुसऱ्या सीझनच्या मध्याआधीच सांगून टाकलं आणि मालिकेची रया गेली. 1991मध्ये ती बंद पडली. 2017 साली परतली खरी, पण तेव्हाही एक प्रश्न आणि एक किंकाळी देऊन निघून गेली. (सॅमसनचं काम करणारा मायकल जे. अँडरसन हाच तिथल्या लाल पडद्यांच्या खोलीतला बुटका माणूस. अर्धवट सुटलेल्या गोष्टींशी या माणसाचं काय नातं आहे कोण जाणे.)

‘शेवट कळला नाही’ ही तक्रार मात्र मी मान्य करत नाही. शेवट तर सॅमसनने पहिल्याच मिनिटाला सांगितला आहे: प्रत्येक पिढीत एक उजेडाचा आणि एक अंधाराचा जीव जन्मतो आणि हे चालत राहतं, ते ट्रिनिटीला खोटा सूर्य फुटेपर्यंत. ट्रिनिटी म्हणजे पहिल्या अणुबॉम्बची चाचणी, 16 जुलै 1945. गोष्ट कुठून निघाली आणि कुठे पोचणार, दोन्ही ठाऊक आहे. हरवले आहेत ते मधले चार सीझन, आणि नेमके त्यांच्यावरच आम्ही भांडतो.

आणि शेवटच्या दृश्यातलं मक्याचं शेत? बेनने जस्टिनला मारलं आहे, सोफी जस्टिनच्या छातीवर हात ठेवते आणि भोवतीचा मका करपत जातो. माझ्या एका मित्राच्या मते पहिल्या भागातल्या पिकाशी जोडणारा हा पूर्ण आणि समाधानकारक शेवट आहे, यापुढे एक फ्रेमही नको. मी त्याला विचारलं, मग उद्या तिसरा सीझन जाहीर झाला तर पाहणार नाहीस? त्यावर तो म्हणाला, ‘पाहीन की. पण पहिल्या सीझनच्याच वेगाने हवा.’