रोल नंबर 412

9 एप्रिल, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. उकाडा आहेच, पण खरं कारण ते दोन मेल. लेकीला अमेरिकेतल्या दोन कॉलेजांकडून होकार आलेत आणि 1 मेच्या आत एकाला हो म्हणून डिपॉझिट भरायचंय, म्हणजे हातात बावीस दिवस. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला तेव्हा वाटलेलं चला सुटलो एकदाचे, पण कसचं काय.

एक बॉस्टन युनिव्हर्सिटी. हे नाव सांगायला सोपं. शेजारच्या बेननी ऐकल्या ऐकल्या "ओहो, बोस्टन तो बहु सरस!" म्हणून पेढे मागितले. दुसरं ग्रिनेल कॉलेज, आयोवात. हे सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि मग विचारतो, ते कुठं आलं? मीपण मॅपवरच शोधलं. मक्याची शेतं, मध्ये एक गाव, गावात दहा हजारसुद्धा माणसं नाहीत आणि त्यात हे कॉलेज, 1846 सालचं, साधारण सतराशे पोरं. बॉस्टनला नुसते पदवीचेच अठरा हजाराच्या आसपास. जवळचं मोठं शहर म्हणजे दे मॉइन, तेपण गाडीनं तासभर लांब. हे म्हणाले, आपल्या नवरात्रातल्या एका ग्राउंडवर यांची अख्खी कॉलेजं बसतील, आणि ते काही खोटं नाही.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिथं पिकतं काय?" लेक म्हणाली मका, सोयाबीन, आणि आजी, त्या राज्यात माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत. झालं. तेव्हापासून आमच्या घरात ग्रिनेलचं नाव "ते डुकरांचं" असं पडलंय.

वर आणखी एक गोम अशी की ग्रिनेल काहीही शिकलं तरी डिग्री बी.ए.चीच देतं, बायोलॉजी घ्या नाहीतर फिजिक्स घ्या. हे दिरांना फोनवर सांगायला गेले तर ते म्हणाले, "बी.ए.च करायचं होतं तर मग अकरावीला सायन्स कशाला घेतलं, आणि एवढ्या लांब तरी कशाला, आपल्या बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीची आर्ट्स फॅकल्टी काय वाईट आहे, घुमट पण आहे." घुमट आहे हे खरं, विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवरचा, 1881 च्या बडोदा कॉलेजचा. मी हसले, पण फोन ठेवल्यावर माझ्याच मनात आलं की बाई, तुला तरी कुठे कळलंय अजून.

पैशाचं इथं लिहीत बसत नाही. ह्यांनी एक्सेलमध्ये सगळं मांडलंय, ग्रिनेलनं मदत बरी दिलीये, लोन दोन्हीकडे लागणार, बॉस्टनला जास्त. म्हणजे आकडे डुकरांच्या बाजूने आहेत. पण नुसत्या आकड्यांवर पोरीला चार वर्षं कुठं पाठवायचं ठरवावं असं मला वाटत नाहीये आणि त्यावरून आज थोडं वाजलंच आमचं.

12 एप्रिल

चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं आज. आंब्याची डाळ जरा तिखट झाली, पन्हं मात्र पुरेनासं झालं. पंचवीसेक बायका येऊन गेल्या, त्यातल्या निम्म्या तरी आमच्या दांडिया बाजारातल्याच, म्हणजे मला लग्न होऊन आल्यापासून ओळखणाऱ्या, आणि ओटीत हरभरे घेता घेता प्रत्येकीनं सल्ला दिला. एकीचं म्हणणं बॉस्टनला मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, आजारीबिजारी पडली तर कोणीतरी असतं. दुसरीचा मुलगा अशाच छोट्या कॉलेजात होता, ती म्हणाली, "अगं तिथं सर लोक नावानं ओळखतात, घरी जेवायला बोलावतात, मोठ्या युनिव्हर्सिटीत कोण विचारतं? नुसता नंबर असतो आपण."

नुसता नंबर! हे ऐकून सगळ्यांनी च् च् केलं आणि मीपण केलं, आणि मग पन्ह्याचे ग्लास विसळताना लक्षात आलं की अरे, मी तर होते की नंबर. रोल नंबर 412. एम.एस. युनिव्हर्सिटी, कॉमर्स फॅकल्टी, 95 ते 98. अजून पाठ आहे. वर्गात दीडशे-दोनशे जण, हजेरीला सर मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत, 410, 411, 412, आणि मी नसले तर मैत्रीण आवाज बदलून येस सर म्हणायची. तीन वर्षांत एकाही सरांना माझं नाव माहिती नव्हतं, हे मी पैजेवर सांगते.

आणि खरं सांगू का, ते दिवस फार मस्त होते. तोपर्यंत मी कोण, तर जोश्यांच्या वाड्यातल्या अमक्याची नात. रावपुऱ्यात कुल्फी खाल्ली की मी पोचायच्या आत घरी बातमी पोचायची. फॅकल्टीच्या गेटातून आत शिरलं की मी कुणाचीच कुणी नाही. सनी स्कूटर होती माझ्याकडे, मरून रंगाची, ती घेऊन फतेगंजला सेव-उसळ खायला जायचं, कधी फाइन आर्ट्सच्या आवारात नुसतं जाऊन बसायचं, तिथली पोरं दगड फोडत असायची, अंगभर पांढरी भुकटी, आणि कुणी विचारायचं नाही की तू इथं काय करतेस. अकाउंट्स मी कुठूनपण शिकले असते. पण एकटीनं बसायला, कुणाला न सांगता काहीतरी आवडून घ्यायला मी त्या गर्दीत शिकले.

हे त्या बायकांसमोर बोलले नाही. सासूबाई बसल्या होत्या.

14 एप्रिल

सुट्टी. सकाळी लवकर कमाटी बागेत चालायला गेलो तर संकल्पभूमीकडे आधीच गर्दी, निळे झेंडे, लहान लहान पोरं पांढऱ्या कपड्यात, कुणीतरी सरबत वाटत होतं, आम्हालाही दिलं. लेकीला म्हणलं बघ, सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना स्कॉलरशिप देऊन पाठवलं ते न्यूयॉर्कला, कोलंबियाला, मोठ्या शहरात मोठ्या युनिव्हर्सिटीत. म्हणजे मी बॉस्टनची बाजू लढवत होते.

ती सरबत पीत पीत म्हणाली, "आणि परत आल्यावर काय झालं?"

काय झालं ते मला माहितीये. बडोद्यात सगळ्यांनाच माहितीये, फक्त आपण पहिला अर्धा भागच जोरात सांगतो. 1913 ला गेले, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, हे अभिमानानं सांगतो. 1917 ला ते इथं नोकरीवर रुजू झाले तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला या गावात राहायला खोली मिळेना, पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिले, आणि खरं कोण ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन दारात आले. तिथून बाहेर पडून ते या बागेत झाडाखाली बसले होते, तीच ही संकल्पभूमी.

मग मी गप्पच झाले. परवा मी इथं माझ्या सनीच्या आणि सेव-उसळीच्या गोष्टी लिहिल्या, कुणी ओळखत नाही त्यात किती मजा वगैरे. माझ्या बाबतीत ओळखलं की फार तर घरी चुगली व्हायची. आमचं आडनाव ऐकून या गावात कुणी खोली नाकारली नाही, उलट भाडं कमी केलंय. नाव कळण्याची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही एवढं तरी डोक्यात ठेवून लिहायला हवं होतं. आणि आता जिथं जाणार तिथं माझी लेक कोण असणार, तिचं नाव ऐकून समोरचा काय समजणार, याचा तर मी विचारच केला नव्हता.

19 एप्रिल

आज रात्री साडेआठला तिचा ग्रिनेलच्या एका प्रोफेसरबाईंशी झूम होता, तिकडे सकाळचे दहा. हे मी लपून ऐकलं असं म्हणणार नाही, मी स्वयंपाकघरात होते आणि दार उघडं होतं.

तिथं पहिल्या वर्षाला एकच गोष्ट सक्तीची, ट्युटोरियल म्हणतात, डझनभर पोरं आणि एक प्रोफेसर, विषय काहीही असू शकतो, खरं काम म्हणजे वाचायचं, लिहायचं, वाद घालायचा. बाकी काय शिकायचं ते पोरांनी ठरवायचं, आणि ट्युटोरियलचे तेच सर नाहीतर मॅडम तुमचे सल्लागार, मुख्य विषय निवडेपर्यंत. तो निवडायला दुसरं वर्ष संपेपर्यंत वेळ असतो. लेकीनं विचारलं की मला बायोलॉजी आणि इतिहास दोन्ही आवडतं तर चालेल का, त्या म्हणाल्या चालेल काय, तसंच असतं. मग आमच्या बाईसाहेबांनी इंटेलवाल्या रॉबर्ट नॉइसची गोष्ट काढली, तो याच कॉलेजचा 1949 चा, शिकत असताना पार्टीसाठी शेजारच्या शेतातून डुक्कर चोरलं म्हणून त्याला एक टर्म काढून टाकलं होतं. प्रोफेसरबाई खळखळून हसल्या. सासूबाईंना नंतर भाषांतर करून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे चोरपण आहेत."

पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. सुरुवातीलाच त्यांनी तिचं नाव चुकीचं घेतलं. ही नेहमीसारखं "इट्स ओके" म्हणाली, शाळेतल्या एका मॅडमनापण सहा वर्षं तेच म्हणत आलीये. तर त्या म्हणाल्या, नाही, पुन्हा सांग. तिनं सांगितलं. त्यांनी म्हणून दाखवलं, चुकलं. पुन्हा. तिसऱ्यांदा जवळपास जमलं, "ळ" काही येईना, तो कुणाला येतो तिकडे. शेवटी म्हणाल्या, मेल करशील तेव्हा नाव रेकॉर्ड करून पाठव, मी प्रॅक्टिस करते. मी भाकरी थापायची थांबले होते, तव्यावरची करपली.

23 एप्रिल

आज गच्चीवर निकाल लागला. म्हणजे तिनं लावला, मी फक्त समोर होते.

छुंदा उन्हात ठेवलाय, चौथा दिवस, संध्याकाळी पातेलं खाली आणायला गेले तर ही टाकीच्या सावलीत बसलेली. मलमलचं फडकं सोडून मी पाक बघत होते, अजून तार येत नाहीये, आणि बघता बघता तिला माझं सगळं सांगितलं, 412, सनी, फाइन आर्ट्सचे दगड, प्रॉक्सी हजेरी. म्हणलं मला वाटतं तू बॉस्टनला जावंस, तिथं रस्त्यातून ट्राम जाते आणि दोन्ही बाजूंना युनिव्हर्सिटी, कुणी तुझ्याकडे बघणार नाही, हवं ते कर, वाड्यातून निघून परत वाड्यातच कशाला जायचं? सतराशे पोरांचं कॉलेज म्हणजे दांडिया बाजारच की. एखाद्याशी बिनसलं तर चार वर्षं तेच तोंड रोज जेवायच्या हॉलमध्ये.

ती म्हणाली, "ते आहेच. ती भीती मलापण आहे." मग चमचा घेऊन छुंदा चाटला, अजून पातळ आहे म्हणाली, आणि मग म्हणाली, "पण आई, तू सात वाजता घरी यायचीस ना."

मला पटकन कळलं नाही.

म्हणाली, "दिवसभर तुला कुणी ओळखत नव्हतं ते भारी वाटायचं कारण संध्याकाळी ओळखणारे दहा जण बसलेले असायचे. आजी होती, वाडा होता, वरण-भात होता. माझं तसं नाहीये. मी संध्याकाळी पण तिथेच असणार. सकाळी कुणी ओळखत नाही, रात्रीपण नाही, तापानं फणफणले तरी नाही. त्याला तू मोकळं वाटणं म्हणतेस ते मला नाही वाटणार मोकळं." आणि थोडं थांबून, "वाड्यात राहायचं कसं ते मला येतं, तेवढं तर शिकलेय इथं. लपायचं कुठं हेपण मला माहितीये."

लपायचं कुठं म्हणजे कुठं, असं आईच्या जातीला विचारावंसं वाटतंच, पण मी नाही विचारलं. पातेलं उचलून खाली आले. जिन्यात डोळे भरून आले होते, वर हळद-तिखटाचे हात, पुसतापण येईना.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मी तेच म्हणत होतो. ते एक्सेलमुळे म्हणत होते, पण असू दे.

27 एप्रिल

डिपॉझिट भरलं. भरलं म्हणजे कार्ड दोनदा रिजेक्ट, ओटीपी ह्यांच्या फोनवर, फोन ह्यांच्याकडे आणि हे खंडेराव मार्केटात आंबे बघतायत. शेवटी फोनवर ओरडून आकडे सांगितले, बहुतेक अर्ध्या मार्केटनं ऐकले असतील. आता आय-20, म्हणजे व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं पत्र येईल, मग साडेतीनशे डॉलरची ती विद्यार्थी-नोंदणीची सेविस फी, मग व्हिसाच्या मुलाखतीला मुंबई. बॉस्टनला नम्रपणे नाही म्हणून कळवलं, त्या बटणावर क्लिक करताना मलाच जरा वाईट वाटलं, लेकीला काही नाही. शेजारच्या बेनना अजून सांगितलं नाहीये, पेढे खाऊन झालेत त्यांचे.

रात्री तिनं त्या प्रोफेसरबाईंना पाठवायला नाव रेकॉर्ड करायला घेतलं. पहिल्यांदा पंख्याचा आवाज आला. पंखा बंद करून दुसऱ्यांदा केलं तर तिला वाटलं फार शाळेतल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा खाली कुणाची तरी बुलेट गेली. चौथ्यांदा छान जमलं होतं, "ळ" अगदी स्पष्ट, आणि नेमकं शेवटाला आतून आजीची हाक, तेच नाव, पण आजी मारते तशी लांबवलेली, शेवटचं अक्षर वर नेऊन, आणि पाठोपाठ "दूध गार होतंय गं."

मी म्हणलं परत कर. तिनं एकदा कानाला लावून ऐकलं आणि तेच पाठवून दिलं.