नाणेघाट ते जुन्नर: व्यापारी वाटेच्या नकाशाचं अपडेट

मंडळी, सातवाहनकाळातल्या वाटांचा नकाशा करायला घेतलाय त्याचं अपडेट देतोय. कल्याण-नाणेघाट-जुन्नर हा तुकडा आता बऱ्यापैकी उभा राहिलाय. वैशाखऱ्याकडून वर चढतानाचा ट्रॅक जीपीएसवर घेतलाय, जुन्या पायऱ्या जिथे शाबूत आहेत तो भाग वेगळ्या रंगात दाखवलाय, माथ्यावरचा दगडी रांजण, पाण्याची टाकी आणि सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखाचं लेणं सगळं पिन झालंय. त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशोब आहे, गाई किती, हत्ती किती, कार्षापण (त्या काळची नाणी) किती, आणि ते आकडे ब्राह्मी अंकांत कोरलेत. घाटाच्या ऐन तोंडावर, जिथून प्रत्येक तांडा जायचा, तिथेच हा लेख कोरून घेतलाय, जागा निवडणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

पण खरी मजा आली ती दुसऱ्या लेयरमध्ये. लेण्यांमधल्या दानलेखांत दात्याचं गाव दिलेलं असेल तर त्या गावापासून लेण्यापर्यंत एक रेघ मारायची, एवढंच ठरवलं होतं. लेण्याद्रीचं चैत्यगृह म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह (गणपतीच्या अगदी शेजारचं ६ नंबरचं, दर्शनाच्या रांगेतले बहुतेक लोक तिकडे वळतच नाहीत, प्लीज वळा) कल्याणच्या सुलसदताने दिलंय, म्हणजे रेघ थेट बंदरातून निघून नाणेघाटावरून जुन्नरात येते. भरुकच्छ म्हणजे भडोचचे बुधमित आणि बुधरखित हे दोघे भाऊ जुन्नरलाच सापडतात. आणि यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी! इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी म्हणजे टाकी दिल्यात, चिट नावाच्याने संघाला भोजनमंडप बांधून दिलाय. समुद्रापलीकडून आलेल्या कुळातला माणूस सह्याद्रीत भिक्खूंच्या जेवणाची सोय करतो आणि ती प्राकृतात, ब्राह्मीत कोरून ठेवतो, मला तर विचार कसे पसरतात याचा याहून ठसठशीत पुरावा दुसरा दिसत नाही. मिरी, कापड, दारू सगळं खपून गेलं, ही दोन ओळींची नावं राहिली.

कार्ल्याच्या रेघा तर भलत्याच लांब गेल्या. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, म्हणजे कर्नाटकातलं बनवासी, त्याने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं कोरून घेतलंय. सोपाऱ्याचा भिक्खू आहे, धेनुकाकटचा गंधी (अत्तरवाला) आहे, तिथलाच सुतार आहे, आणि तिथले यवन तर खांबाखांबावर आहेत. धेनुकाकट नेमकं कुठे यावर अभ्यासकांचं एकमत नाही म्हणून त्याला पिन लावलेली नाही, नुसता तुटक गोल ठेवलाय.

पैशाचा लेयर अजून कच्चा आहे पण नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा लेख त्यात आधी घातला. ३००० कार्षापण नाशिकजवळच्या गोवर्धनच्या श्रेणींकडे (कारागिरांच्या संघांकडे) ठेवले, त्यातले २००० विणकरांकडे महिना शेकडा १ व्याजाने. वर्षाचे २४० होतात, आणि ते २० भिक्खूंना प्रत्येकी १२ असे चीवरासाठी म्हणजे वस्त्रासाठी. हिशोब चोख जुळतो. म्हणजे विणकरांची श्रेणी ठेवी घेत होती, व्याज देत होती, आणि क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई असलेला हा उषवदात तिच्यावर भरवसा ठेवून कायमची ठेव ठेवत होता, व्यापार मोठा असल्याशिवाय हे होणं शक्य नाही.

आता पुढचा टप्पा पैठण-तेर. पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथात अंतरं दिलीत, भडोचहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर म्हणजे तेर, पैठणहून गोमेद दगड यायचा आणि तेरहून कापड, तेही गाड्यांवर लादून, वाट धड नसलेल्या मुलखातून. तेरच्या लामतुरे म्युझियममधली हस्तिदंती बाई बघून घ्या, तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत पाँपेईला १९३८ मध्ये सापडली, म्हणजे इ.स. ७९ ला व्हेसुव्हियस फुटायच्या आधीच ती तिकडे पोचलेली होती. या रेघेला मी सगळ्यात जाड रंग देणार आहे.

जुन्नर ते पैठण मधला पट्टा मात्र अजून रिकामा दिसतोय. नगर, नेवासे बाजूला कोणी जुने गाडीमार्ग, बारव, लेखाचे दगड फिरून पाहिले असतील तर लोकेशन आणि फोटो पाठवा, फोटोत शेजारी स्केल ठेवलेली असेल तर फारच उत्तम.