हे अंशतः खरे आहे

आमच्या कार्यालयात मार्च महिना दोन गोष्टींवरून ओळखू यायचा. एक म्हणजे टेबलांवर साठलेले बिलांचे ढीग. दुसरी म्हणजे, पिशवी खांद्याला लावून खुर्ची मागे सारली की नेमका त्याच क्षणी येणारा बिनतारी संदेश. शिपाई दारातूनच ओरडायचा, "बाई, एलएक्यू आलाय!" की समजायचं, आज घरी जाऊन भाकरी थापणं काही आपल्या हातात नाही.

एलएक्यू म्हणजे विधानसभेतला प्रश्न, आणि इथे म्हणते तो तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हाधिकारी कार्यालयात १९८५ साली कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं रोजगार हमीच्या शाखेत गेली. विधानसभेच्या बातम्या तुम्ही टीव्हीवर बघता. मी त्या मागच्या दाराने बघितल्या आहेत, जिथून सभागृहात ताट जातं त्या स्वयंपाकघरातून म्हणा.

या प्रश्नांचा साचा ठरलेला. "(१) अमुक तालुक्यातील तमुक कामावरील मजुरांना मजुरी मिळाली नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तरांचाही साचा ठरलेला. "हे खरे आहे" हे क्वचित, कारण ते लिहिलं की पुढचे दोन प्रश्न अंगावर येतात. "हे खरे नाही" हे साहेब लोकांचं लाडकं, कारण मग (२) आणि (३) समोर "प्रश्न उद्भवत नाही" एवढंच लिहून जेवायला जाता येतं. आणि या दोहोंच्या मध्ये "हे अंशतः खरे आहे". लोक या वाक्याची टिंगल करतात. पण अख्ख्या नोकरीत मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं ते ह्या एका शब्दासाठी, "अंशतः"साठी.

ती गोष्ट सांगते.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. शुक्रवारची संध्याकाळ. संदेश आला की एका पाझर तलावाच्या कामावर पाच पंधरवड्यांची मजुरी थकली आहे, हे खरे आहे काय. माहिती सोमवारी सकाळी विभागाकडे पोचलीच पाहिजे, पुढच्या गुरुवारी प्रश्न यादीत आहे. काम ज्या यंत्रणेकडे होतं तिथे फोन लावला. तिकडून तासाभरात उत्तर आलं, "प्रलंबित मजुरी : निरंक." निरंक हा सरकारी भाषेतला फार गोड शब्द आहे. शून्य म्हटलं की कुणीतरी मोजलंय असं वाटतं. निरंक म्हटलं की मोजायची गरजच नव्हती असं वाटतं.

साहेब म्हणाले, "झालं तर मग. 'हे खरे नाही' टाईप करा आणि सही घ्या."

मी टाईप करायला बसले आणि बोटं थांबली. प्रश्नात पाझर तलावाचं नाव बरोबर होतं, गावाचं बरोबर होतं, आणि पंधरवडे पाच असा नेमका आकडा होता. ज्याला नुसती बोंब मारायची असते तो "अनेक महिन्यांपासून" म्हणतो. पाच म्हणणारा माणूस कुणाकडून तरी ऐकून आलेला असतो.

शनिवारी सकाळी सातची एसटी धरली. जीप मागितली असती तर मिळाली नसती, आणि मिळाली असती तर यंत्रणेला आधी कळलं असतं. नवरा म्हणाला, "तू तपासणी अधिकारी आहेस का?" नव्हतेच. हजेरीपटाच्या नकला आणायला चालले आहे, असं मी स्वतःलाच सांगितलं होतं.

कामावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. शे-सव्वाशे माणसं असतील, त्यात बाया जास्त. रोजगार हमीच्या कुठल्याही कामावर तेच दिसायचं. मातीची घमेली, बाभळीला बांधलेल्या झोळ्या, एका बाजूला पाण्याचा रांजण. मी मेटाला, म्हणजे कामावरच्या मुकादमाला, हजेरीपट मागितला तोवर दोघीतिघी जवळ आल्या. एक म्हातारी होती, डोक्यावरची चुंबळ तशीच.

"पैसे घेऊन आलाव का, बाई?"

"नाही मावशी. विचारायला आले."

"इचारून तर समदेच जातेत," म्हणाली आणि घमेलं उचलून गेली.

आजही कुठल्याही सभागृहात कुणी उभं राहून प्रश्न विचारायला लागलं की मला तिची पाठ दिसते.

हजेरीपट तपासले. पाच पंधरवड्यांपैकी दोनांचं वाटप झालेलं होतं, अंगठे होते. तिनांचं नव्हतं. कारण अगदी साधं निघालं. मोजमाप पुस्तिकेत नोंदी झाल्या नव्हत्या. रोजगार हमीत मजुरी दिवसावर नाही, कामाच्या मापावर. किती घनमीटर माती निघाली हे पुस्तिकेत चढलं नाही तर बिल होत नाही, बिल नाही तर पैसे नाहीत. माप घेणारा माणूस रजेवर, दुसऱ्याकडे कार्यभार दिलेला नाही. पैसे कुणी खाल्ले नव्हते. नुसते अडकले होते. म्हातारीच्या चुलीला त्याने काय फरक पडणार होता, हा भाग वेगळा.

सोमवारी सकाळी साहेबांपुढे दोन मसुदे ठेवले. एकात "हे खरे नाही", एकात "हे अंशतः खरे आहे". साहेब भडकले. कुणी सांगितलं होतं जायला, यंत्रणेने लेखी निरंक दिलंय ना, आपण कशाला अंगावर घ्यायचं. मी म्हटलं, "साहेब, उद्या सभागृहाला खोटी माहिती दिली म्हणून हक्कभंग आला तर सही कुणाची असेल?"

हक्कभंग. या शब्दाची ताकद काय असते ते ज्याने सरकारी नोकरी केली त्यालाच कळेल. चौकशीला माणूस भीत नाही, बदलीलाही सरावतो. पण विधिमंडळाच्या हक्कभंग समितीपुढे उभं राहायचं म्हटलं की भल्याभल्यांचा घसा कोरडा पडतो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग यंत्रणेला स्वतः फोन केला. त्या फोनचा आवाज तीन खोल्या पलीकडे ऐकू गेला.

मंगळवारी मापं घेतली गेली. बुधवारी संध्याकाळपर्यंत तीनही पंधरवड्यांचं वाटप झालं. वर्षानुवर्षं मस्टर, बिल, मंजुरी, धनादेश या चक्रात जे पंधरा दिवसांत व्हायचं नाही ते दोन दिवसांत झालं, कारण गुरुवारी मुंबईत कुणीतरी "हे खरे आहे काय" असं विचारणार होतं.

आणि गुरुवारी ते विचारलंच गेलं नाही! सभागृहात भलत्याच विषयावर गदारोळ झाला, सदस्य अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले, कामकाज तहकूब झालं आणि प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला. आमचा प्रश्न छापील यादीत उत्तरासकट पटलावर ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा होता तो गदारोळाचा.

गंमत अशी की रोजगार हमी ही योजनाच या विधिमंडळाची लेक आहे. वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. वादात न पडणारं, सगळ्यांना शांत बसवणारं ते पद. कामाच्या हक्काची कल्पना त्यांची. १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली, १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा हे आपल्याकडचं उदाहरण समोर होतंच. आणि पैसा कुठून येणार, तर १९७५ सालच्या कायद्याने बसवलेला व्यवसाय कर त्यासाठीच होता. माझ्या पगारातूनही तो दरमहा कापला जायचा, अगदी शेवटी शेवटी दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. सहकारी कुरकुर करायचे. मी म्हणायचे, त्या तलावावरच्या मातीत एक घमेलं माझंही आहे. (हे मी शाखेत म्हटलं की सगळे हसायचे. हसू द्या.)

आता सभागृहातल्या मतदानाचं.

निवृत्त झाल्यापासून मी अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण बघते. मुलगा म्हणतो, आई मालिका बघ त्यापेक्षा. पण मला यात मजा येते. विधेयक मंजूर होताना ऐका कधी. "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे... होयचे बहुमत आहे." संपलं. आम्ही ज्या विधेयकाची माहिती जिल्ह्यातून गोळा करायला रात्री जागवलेल्या असायच्या, त्याचं हे एवढंच. कोण हो म्हणालं, कोण नाही म्हणालं, कोण नुसता फोन बघत बसला होता, काही नोंद नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला तर फडणवीस सरकारचा अख्खा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. विरोधक मतविभागणी, म्हणजे मतं मोजून घ्या असं, मागत राहिले आणि त्यावरून केवढा वाद झाला.

३० नोव्हेंबर २०१९ आणि ४ जुलै २०२२ ला मात्र शिरगणती झाली. पहिल्या वेळी ठाकरे सरकारच्या बाजूने १६९, भाजपने सभात्याग केलेला. दुसऱ्या वेळी शिंदे सरकारच्या बाजूने १६४, विरोधात ९९. एकेक सदस्य उभा राहतो, आपलं नाव सांगतो, आकडा म्हणतो. मी खो-खो हसले. मेट हजेरी घेतो ना, अगदी तसंच! फक्त इथे कुणाच्या डोक्यावर घमेलं नव्हतं.

पण शिरगणतीतही खरं सांगायचं तर उत्तर आधीच माहीत असतं. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आल्यापासून पक्षादेश मोडला की आमदारकी धोक्यात. त्यामुळे मत हे सदस्याचं कमी आणि पक्षाचं जास्त. फुटायचंच असेल तर माणसं सभागृहाबाहेर फुटतात, हॉटेलांत. सभागृहात ती फक्त मोजली जातात.

मग वादविवादाला काही अर्थ नाही का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण जादूटोणाविरोधी विधेयक. २००५ साली विधानसभेत मंजूर झालेलं ते विधेयक पुढे परिषदेत अडकलं. कीर्तन बंद होणार, वारी बंद होणार, अशी आवई उठली होती. माझ्या सासूबाईंनी मला विचारलं होतं, "तुमचं सरकार आता पोथी वाचू देणार नाही म्हणे?" २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात विधेयक आलं. आमच्या विभागाचे प्रश्न होते म्हणून मीही कागदांचं गाठोडं घेऊन नागपुरात होते. दिवसभर उपप्रश्नांच्या तयारीत बसायचं, साहेब गॅलरीतून मंत्र्यांना चिठ्ठ्या पाठवणार म्हणून आकडे हाताशी ठेवायचे, आणि रात्री सीताबर्डीच्या लॉजवर दोन गोधड्या घेऊन टीव्हीपुढे बसायचं. १३ डिसेंबरला विधानसभेने आणि १८ ला परिषदेने ते मंजूर केलं.

त्या कायद्याचा मजकूर नंतर मी मुद्दाम वाचला. अनुसूचीत गुन्हा ठरणाऱ्या बारा प्रकारांची यादी आहे. आणि शेवटाकडे एक कलम आहे, त्यात प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा लागू नाही असं शब्दाशब्दाने लिहिलंय. आठ वर्षांच्या भांडणाचा वळ त्या कलमावर दिसतो. मूळ मसुद्यातलं बरंच गळालं म्हणून कार्यकर्ते हळहळले, ते बरोबरच होतं. पण सासूबाईंना मी ते कलम वाचून दाखवलं आणि त्यांची पोथी निर्वेध चालू राहिली.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, जनसुरक्षा विधेयक बघितलं. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. "व्यक्ती आणि संघटना" हे शब्द जाऊन तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना असे शब्द आले. १० जुलैला विधानसभेत आवाजी मतदान, ११ ला परिषदेत मंजुरी, विरोधकांचा सभात्याग. सभात्याग मला कधीच पटला नाही. जिथे "नाही" म्हणायला जागा आहे तिथून उठून बाहेर पायऱ्यांवर येऊन फलक धरायचा! अहो, आत बसा, मतविभागणी मागा, हरा, पण नाव तर लागू द्या.

त्या जुन्या प्रश्नाच्या छापील यादीचं एक पान माझ्याकडे अजून आहे. निवृत्तीच्या वेळी टेबलाच्या खणातून निघालं, पिवळं पडलेलं. वर आमदारांची नावं, खाली मंत्र्यांचं. माझं अर्थातच कुठे नाही. आणि उत्तर असं:

(१) हे अंशतः खरे आहे.

(२) संबंधित मजुरांना देय असलेली संपूर्ण मजुरी अदा करण्यात आली आहे.

(३) प्रश्न उद्भवत नाही.