शेवरोले पिकअपच्या आरशाचा ब्रॅकेट आणि 'सर, डॉक्युमेंट पेंडिंग आहे'

जुन्या ट्रकचा आरसा म्हटलं की लोकांना वाटतं गोल काच मिळाली की झालं. काच काय, नौपाड्यातल्या काचवाल्याने चहा पिईपर्यंत कापून दिली. खरी गोची त्या दांड्याची आहे, म्हणजे आरसा ज्याच्यावर बसतो तो ब्रॅकेट.

माझ्याकडे १९५१ची शेवरोले ३१०० पिकअप आहे, पेणजवळच्या एका राइस मिलमधून घेतलेली, आता खारघरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. इंजिन, ब्रेक, वायरिंग रडतखडत झालं, त्याबद्दल लिहीत बसत नाही. आरशांचं म्हणाल तर उजवीकडे कोणीतरी टेम्पोचा आरसा वेल्डिंग करून चिकटवलेला आणि डावीकडे नुसता कापलेला खुंट. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमाने 'व्हीए'वाला व्हिंटेज नंबर मिळतो, नवीन नोंदणीला २० हजार फी आहे, तो मला पुढेमागे करायचाय, म्हणून दरवाज्याच्या पत्र्याला नवीन भोक पाडणार नाही हे आधीच ठरवलं होतं.

आधी साल पक्कं करा, आणि आरसीवर जाऊ नका, माझ्या आरसीत १९५३ लिहिलंय. दरवाजा बघा. पुढे छोटी त्रिकोणी काच उघडत असेल तर गाडी १९५१ची किंवा नंतरची, हँडल खाली फिरवायचं असेल तर १९५१पर्यंतची, बटणाचं असेल तर १९५२पासून पुढची. समोरची काच अखंड असेल तर १९५४ किंवा त्यानंतरची. माझ्या गाडीचा ब्रॅकेट वरच्या बिजागरीवर बसतो, दरवाज्याच्या पत्र्यावर नाही, त्यामुळे दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरने घ्या, पुठ्ठ्यावर छाप काढा, आणि तो पुठ्ठा खिशात ठेवूनच बाजारात जा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मला 'यही है सेठ, आँख बंद करके लगा लो' म्हणून जे जे दाखवलं त्यातलं एकही त्या पुठ्ठ्यावर बसलं नाही.

दुसरी भानगड डाव्या-उजव्याची. अमेरिकन विक्रेत्याला 'ड्रायव्हर साइड' म्हटलं की तो डावीकडचा देतो. आणि त्यांचा उजवीकडचा दांडा लांब असतो कारण त्यांचा ड्रायव्हर पलीकडे बसतो, तोच आपल्या ड्रायव्हरच्या बाजूला लावला तर आरसा गल्लीतल्या स्कूटरवाल्यांना धडकणार. आपल्याला उजवीकडे आखूड हवा. हे ट्रक उजव्या स्टिअरिंगचे ऑस्ट्रेलियातही जोडले जायचे, तिथे होल्डनवाले जोडायचे, म्हणून मी तिकडे शोधलं आणि एका माणसाकडे चक्क जुना ओरिजिनल आखूड दांडा मिळाला. पैसे भरले, त्याने दोन दिवसांत पाठवला पण.

आणि मग ते पार्सल मुंबईत येऊन बसलं.

कुरियर कंपनीचं नाव घेत नाही, घेतलं तर शिव्याच येतील. पहिला मेसेज, केवायसी करा. आधार टाकलं. रिजेक्ट, नाव जुळत नाही. का जुळत नाही तर आधारवर आपल्या पद्धतीने मधे वडिलांचं नाव आहे आणि ऑस्ट्रेलियावाल्याने पत्त्यावर नुसतं नाव-आडनाव लिहिलंय. अरे महाराष्ट्रात काम करता ना तुम्ही, इथे सगळ्यांचीच नावं तीन मजली असतात! मग एक पत्र लिहून द्या की हे दोघे एकच. दिलं. मग पैसे भरल्याचा पुरावा द्या. दिला. मग वस्तूचा फोटो, मग वस्तूचा उपयोग, मग पुन्हा केवायसी कारण जुनी लिंक एक्स्पायर झाली. हेल्पलाइनला दर वेळी नवीन मुलगा किंवा मुलगी, प्रत्येकाला १९५१पासून गोष्ट सांगायची, आणि शेवटी उत्तर तेच, 'सर, डॉक्युमेंट पेंडिंग आहे'. कुठलं डॉक्युमेंट? 'ते कस्टमकडून कळेल सर.' कस्टमकडून कोणाला कळेल? 'आम्हाला कळेल सर.' मग कळलं का? 'डॉक्युमेंट पेंडिंग आहे सर.' मला वाटलं होतं की ड्यूटीवरून अडलंय, म्हणून मी फोनवर ओरडून सांगत होतो की अहो किती ती सांगा, आत्ता भरतो, तर त्यावर तिकडे फक्त की-बोर्डचा आवाज.

शेवटी आमच्याच बिल्डिंगमधले एक काका, न्हावा-शेव्याला क्लिअरिंगच्या कामात जन्म गेलेला, त्यांना लिफ्टमध्ये सहज बोललो. काकांनी फोनवर इन्व्हॉइस बघितलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं, 'यूज्ड'. म्हणे, अरे वापरलेला माल बाहेरून आणायला, मशिनरीसारखा भांडवली माल सोडला तर, डीजीएफटीचं, म्हणजे आयात-निर्यात बघणाऱ्या सरकारी खात्याचं, ऑथोरायझेशन लागतं, ते तुला एका दांड्यासाठी कोण देणार? मी म्हटलं मग त्याला 'न्यू' लिहून दुसरं इन्व्हॉइस पाठवायला सांगू का, तर काका असे काही बघायला लागले की मी विषयच बदलला. खोटं वर्णन म्हणजे माल जप्त आणि वर दंड, त्यापेक्षा परत पाठव. एवढी एक ओळ कुरियरवाल्यांना पहिल्या दिवशी सांगता आली नसती का? पार्सल परत गेलं, विक्रेता सज्जन, त्याने वस्तूचे पैसे परत केले, जाण्यायेण्याचं भाडं माझ्या डोक्यावर.

म्हणून सांगतो, बाहेरून मागवायचाच असेल तर नवीन बनवलेला रिप्रॉडक्शन मागवा, ड्यूटी भरा, आणि पत्त्यावर आधारवरचं पूर्ण नाव लिहायला लावा.

मला ओरिजिनल मिळाला तो तळोज्याला. इथेही एक गोष्ट लक्षात घ्या, 'पिकअपचा' म्हणून शोधत बसू नका. त्या काळात शेवरोलेच्या छोट्या पिकअपला आणि मोठ्या ट्रकला केबिन एकच होती, त्यामुळे जुना टँकर, बंब, लाकडं वाहणारा ट्रक, काहीही चालतं. आणि जनरल मोटर्सचा शिवडीला १९२८पासून १९५४पर्यंत कारखाना होता, म्हणजे या गाड्या आपल्याकडेच जोडल्या गेल्यात, कुठल्या ना कुठल्या भंगारात असणारच. तळोज्याच्या त्या भंगारवाल्याकडे एका टँकरचा उजवा दरवाजा पडला होता, बिजागरी आणि दांड्यासकट. पुठ्ठा लावला, दोन्ही भोकं बरोब्बर! मी तिथे अक्षरशः ओरडलो, त्यामुळे भाव अर्थातच वाढला. वर दांडा सुटा देणार नाही म्हणाला, दरवाजा घेऊन जा. घेतला.

हां, आटे इंची आहेत. नेहमीच्या दुकानातला मेट्रिक बोल्ट दोन फेरे छान जातो आणि मग अडकतो, जोर लावलात तर बिजागरीतले आटे गेले. वागळे इस्टेटमध्ये लेथवाल्याने मला जुन्या बोल्टवरून नवीन करून दिले. सँडपेपर मारल्यावर खाली मूळ काळा रंग निघाला, मी पण काळाच मारला, क्रोमच्या नादी लागलो नाही.

डावीकडचा अजून शोधतोय, तो लांबवाला. आणि टँकरचा तो दरवाजा पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभा आहे, खालचा पत्रा सडलाय पण काचेची यंत्रणा फिरते, कोणाकडे याच केबिनची गाडी असेल तर फुकट घेऊन जा, सेक्रेटरी रोज विचारतात.