आईच्या पाटल्या, पुन्हा तारण

यावेळी एडिंबरावर लिहीत नाही. तिथला पाऊस, तिथल्या बस आणि सहा महिने न वाळणारे कपडे यांवर गेल्या नऊ वर्षांत इतकं लिहून झालंय की तुम्हालाच पाठ झालं असेल. मध्यंतरी तीन आठवडे भायखळ्याला आईकडे होते. त्यातली एक सकाळ बँकेत गेली, आणि परत येऊन दीड महिना झाला तरी ती डोक्यातून जात नाही.

पोचले त्या रात्री झोप लागलीच नाही. पाचला आई उठली, मला गॅलरीत बसलेली बघून म्हणाली, "जागीच आहेस तर माझ्या आधारची झेरॉक्स कुठे आहे बघ. दहाला बँकेत जायचंय, पाटल्या घेऊन."

"लॉकरमध्ये ठेवायच्यात?"

"तारण ठेवायच्यात."

या पाटल्यांबद्दल आधी सांगते. दोनच आहेत, मिळून अडीच तोळ्यांच्या थोड्या आत, आतल्या बाजूने झिजून गुळगुळीत झालेल्या. लग्नात आजीने आईला घातलेल्या. पहिल्यांदा बँकेत गेल्या त्या पप्पांच्या आजारपणात. दुसऱ्यांदा माझ्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी आणि विमानाच्या तिकिटासाठी. पप्पा वारले, मी परदेशी गेले, पाटल्या मात्र दोन्ही वेळा घरी परत आल्या. आता तिसरी खेप, तीही शेजारच्या काकूंसाठी.

काकू तीन घरी पोळ्या लाटतात. नातू डिप्लोमाला आहे, फीचे ६० हजार भरायची तारीख जवळ आली होती आणि काकू महिना दहा टक्क्यांनी देणाऱ्या कुणाकडे तरी निघाल्या होत्या. आईला हे जिन्यात कळलं. आमच्या चाळीत सगळं जिन्यातच कळतं.

मी अर्थातच भडकले. "मी कशाला आहे मग? आठवड्याभराचा पगारही नाही तो माझा. आत्ता फोनवरून पाठवते."

आई पोळीला तूप लावत होती. लावून झाल्यावर म्हणाली, "तू पाठवलेस तर त्या जन्मभर तुझ्यापुढे मान खाली घालून बसतील. बँकेचं असलं की दर महिन्याला व्याज आणून देतील, पावती मागतील आणि माझ्याशी नळावरून भांडतील. मला भांडणाऱ्याच बऱ्या."

यावर मला काही सुचलं नाही. झेरॉक्स शोधली.

आता 'तारण' या शब्दाकडे येते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो फक्त बँकेतलाच माहीत असेल. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांकडे रोजच्या बोलण्यात मोक्ष येत नाही, मुक्तीही क्वचितच. (पंडिता रमाबाईंनी केडगावच्या संस्थेला 'मुक्ती' नाव दिलं, तरी त्याआधी १८८९ साली त्यांनी चौपाटीजवळ काढलेलं घर होतं शारदा सदन.) आमच्या बायबलात, गीतांत, प्रार्थनेत शब्द येतो तो तारण. येशू तारणारा. लहानपणी रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायच्या वाटेवर एक मोठी पाटी होती, 'सोने तारण कर्ज त्वरित मिळेल'. संडे स्कूलमध्ये बाईंनी विचारलं, तारण कुठे मिळतं? मी हात वर करून सांगितलं, बँकेत. बाई गप्प झाल्या. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, एक ज्येष्ठ सहकारी बँकेत कारकून होते, ते मागून म्हणाले, "मिळतं, पण व्याज लागतं."

हा विनोद आमच्या मंडळीत वीस वर्षं टिकला. पण त्यातली मेख मला फार उशिरा कळली. बायबलात येशूचा प्रेषित पौल इफिसच्या मंडळीला लिहितो की कृपेनेच तुमचं तारण झालेलं आहे. झालेलं. तुम्ही काही कमावलेलं नाही, उगाच मिरवू नका. आणि तोच पौल फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहितो, भीत व कापत आपले तारण साधून घ्या. झालेलं असेल तर साधायचं काय? या दोन वाक्यांवर पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, पाऊण तास बोलताना मी बरेचदा ऐकलंय. समजलं असं म्हणणार नाही.

बँकेत गर्दी होती. काकू इस्त्रीची साडी नेसून आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. मूल्यांकन करणारे गृहस्थ कोपऱ्यातल्या टेबलावर, समोर छोटा काटा, काळा कसोटीचा दगड आणि आम्लाची बाटली. त्यांनी पाटली दगडावर घासली, सोनेरी रेघ उठली, तिच्यावर थेंब टाकला आणि बघत राहिले. रेघ विरली नाही. मग वजन, मग वजा झीज, मग पूर्वी बराच काळ ७५ टक्क्यांची मर्यादा होती आणि आता नियम कसे बदलतायत यावर एक व्याख्यान, जे कुणी मागितलं नव्हतं. शेवटी पाटल्या कापडी पिशवीत, पिशवी पाकिटात, पाकिटावर लाख आणि जोडावर आईची सही. पाकीट आत नेईपर्यंत काकू त्याच्याकडे बघत होत्या. आई बघत नव्हती, ती पेनाचं टोपण शोधत होती.

फॉर्म भरणाऱ्या मुलीने नाव वाचलं. आईचं नाव बायबलमधलं, आडनाव नगरकडचं. तिने वर बघितलं आणि विचारलं, "तुम्ही मराठी की ख्रिश्चन?"

मुंबईत हा प्रश्न मला शाळेपासून विचारला गेलाय. घर भाड्याने बघताना, लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये. आई ठरलेलं उत्तर देते, "दोन्ही, आणि रिटायर्ड म्युन्सिपालिटीची शिक्षिका." गंमत म्हणजे एडिंबरात याचीच उलटी बाजू भेटते. तिथल्या चर्चमध्ये पहिल्याच रविवारी चहा देताना एका आजींनी फार प्रेमाने विचारलं, तू ख्रिस्ती कधी झालीस? मी म्हटलं, पणजोबा झाले. आजी चकित. मग मी त्यांना सांगितलं की त्यांच्याच शहरापासून बसने तासा-सव्वातासावर लॉडर नावाचं गाव आहे, तिथला जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आला, मराठी शिकला, १८३२ साली शाळा काढली, तिचंच पुढे चौपाटीवरचं विल्सन कॉलेज झालं, आणि १८७५ साली तो वारला तोही मुंबईतच. त्याच्याही आधी, १८१३ मध्ये, अमेरिकन मिशनचे लोक मुंबईत उतरले होते. ते १८३१ साली नगरला पोचले, आमचे पणजोबा त्यांच्याच वाटेवरचे. आजींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या नातवंडांना तर चर्चच ठाऊक नाही. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडच्या ५१.१ टक्के लोकांनी कोणताही धर्म नाही असं लिहिलं. माझ्या घरामागच्या चर्चचे आता फ्लॅट झालेत, रंगीत काचांच्या खिडकीत कुणाची तरी सायकल टांगलेली दिसते.

आणि मी? आता इथे एक कबुली आहे.

गेली दोन वर्षं मी रविवारी उपासनेला जवळजवळ गेलेच नव्हते. वृद्धांच्या केअर होममध्ये मी नर्स आहे, रविवारच्या पाळीला पैसे जास्त मिळतात. आधी महिन्यातून एक रविवार घेतला, मग दोन, मग चारही. आई संध्याकाळी फोनवर विचारायची, "गेली होतीस?" मी म्हणायची, "हो." उपदेशाला बायबलातलं वचन कुठलं होतं असं विचारलं की फोनवर पटकन काहीतरी शोधून सांगायची. दोन वर्षं.

बँकेच्या सकाळनंतरच्या रविवारी आईबरोबर उपासनेला गेले. पेटी, तबला, वरती पंखे घरघरतायत, तेच लाकडी बाक. उपदेश जक्कयावर होता. जक्कय म्हणजे यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत आणि बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. आपल्या भाषांतरात उंबर आहे, त्यामुळे लहानपणी मी हा माणूस राणीबागेतल्या झाडावर बसलेला बघायची. एडिंबरात रस्तोरस्ती सिकॅमोर नावाचं झाड आहे, तिथल्या मुलांना जक्कय त्याच्यावर दिसतो. पण ते झाड मेपलच्या जातीचं. यरीहोतलं झाड अंजीर-उंबराच्याच घराण्यातलं, म्हणजे या बाबतीत मराठीवाले जास्त जवळ गेलेत. हे मी तिथे दोनदा सांगितलंय, दोन्ही वेळा चहा संपेपर्यंत कुणी ऐकलं नाही.

असो. येशू त्याला खाली बोलावतो, म्हणतो आज मला तुझ्या घरी उतरायचंय. लोक कुरकुरतात. आधी बोलावणं, कसलीही अट न घालता. मग जक्कय उभा राहून म्हणतो, माझं अर्धं गरिबांना देतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. पाळकांनी 'घराला' या शब्दावर थोडा वेळ काढला. एकट्या जक्कयाला नाही. ज्यांची जकात चौपट परत गेली त्यांच्या चुलीवरही त्या दिवशी काहीतरी शिजलं असेल.

मी आईच्या मोकळ्या मनगटांकडे बघत होते. तीस-पस्तीस वर्षांच्या पाटल्यांची जागा तिथे फिकट दिसत होती.

रात्री नऊला घरची प्रार्थना. हे आमच्याकडे पप्पांपासून चालत आलंय. आई शास्त्रपाठ वाचते आणि मग नावं घेऊन प्रार्थना करते, खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत, जिना चढावा तशी. तेरा नंबरच्यांचा गुडघा, सोळा नंबरच्यांच्या मुलीचं लग्न, पाणी सोडणाऱ्या माणसाची दारू. ज्याच्याशी सकाळी भांडण झालं त्याचंही नाव येतं, जरा घाईत येतं. माझं नाव आल्यावर मी मधेच बोलले. म्हटलं, आई, मी खोटं बोलत होते.

तिने पुस्तक मिटलं नाही. म्हणाली, "माहीत होतं. रविवारी तुझा आवाज पाय दुखत असल्यासारखा यायचा. उपासनेहून आलेल्या माणसाचा आवाज तसा नसतो." (तसाही असतो. आमच्या पाळकसाहेबांचे उपदेश तिने मनावर घेतलेले नाहीत.) मग विचारलं, "रविवारी काय करतेस तिथे?"

सांगितलं. ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्यांची नखं कापते. एका आजोबांना भरवायला पाऊण तास लागतो, भरवते. तिथल्या नर्सिंगच्या नियमांत आपल्या श्रद्धा रुग्णांपुढे अयोग्य रीतीने मांडू नयेत असं लिहिलंय, म्हणून मी येशूचं नाव काढत नाही. एखाद्या म्हातारीने स्वतःहून हात धरून प्रार्थना म्हण म्हटलं तर म्हणते, मराठीत. तिला कळत नाही, चालतं.

मला वाटलं आई म्हणेल, मग तीच तुझी उपासना. तसं म्हणाली असती तर मला बरंच झालं असतं. ती म्हणाली, "ते कामच आहे तुझं, त्याचे जादा पैसे घेतेस. महिन्यातला एक रविवार सोड." आणि सतरा नंबरच्यांच्या नावाने पुढची प्रार्थना सुरू केली.

आता महिन्यातले दोन सोडते. चाळीस पौंडांचा एक हिशेब मनात येतो, दर वेळी येतो.

निघायच्या आदल्या दिवशी काकू पहिलं व्याज घेऊन आल्या, नोटा मोजून, रबर लावून. बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "बाई, याचं पुण्य तुम्हाला मिळेल हो."

आई म्हणाली, "वहिनी, आमच्यात पुण्याचं खातं नसतं. ते कुणीतरी आधीच भरून टाकलंय. तुम्ही व्याजाची तारीख तेवढी चुकवू नका."

काकूंना यातलं किती कळलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, मी माहीमला नऊ बुधवार बोलले होते, त्याचंच फळ आहे. माहीमच्या सेंट मायकलला काकू जातात. आम्ही प्रोटेस्टंट, आम्ही नोव्हेनाला, म्हणजे या नऊ बुधवारच्या प्रार्थनेला, जात नाही. चाळीत ख्रिस्ती आम्ही आणि नोव्हेना काकूंचा, याचं कुणालाच काही वाटत नाही.

मग त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या बांगड्या काढल्या. काचेच्या, निळ्या, बारा. "हिरव्याच घेणार होते," त्या चाचरत म्हणाल्या, "पण म्हटलं, साहेब नाहीत, तुम्हाला चालतील का." विधवेला बांगड्या न्याव्यात की नाही याचा विचार करत त्या मार्केटात बराच वेळ उभ्या राहिल्या असणार. आईने दोन्ही हात पुढे केले. काकूंनी साबण लावून एकेक चढवली. शेवटची अडली तेव्हा दोघी इतक्या हसल्या की सोळा नंबरची मुलगी दारात येऊन बघून गेली.

"हिरव्या आणल्या असत्या तरी घातल्या असत्या," आई म्हणाली.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल केला, उपासनेहून आल्यावर, खरंच. आईच्या हातात नऊच दिसल्या. तीन भांडी घासताना फुटल्या म्हणे. काकू नव्या आणते म्हणाल्या तर आईने सांगितलं, आधी या महिन्याचं व्याज.