निवडणूक २०२८ची, स्टिकर आत्ताच

इथे अमेरिकेत आमच्या पार्किंगमधल्या एका गाडीवर २०२८च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं स्टिकर लागलंय. मतदान ७ नोव्हेंबर २०२८ला. पक्षांचे उमेदवारही अजून ठरलेले नाहीत, आणि शेजारच्या बाईंनी स्वतःच्या पैशांनी विकत आणून आपली पसंती मागच्या बंपरवर चिकटवूनही टाकली. मला हे मनापासून आवडलं.

आपल्याकडेही बारा महिने प्रचार असतो, मान्य. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. तरी चौकाचौकांत ‘भावी नगरसेवकां’चे वाढदिवस साजरे होतच होते. पण तो फ्लेक्स उमेदवाराचा, नाहीतर त्याच्या कार्यकर्त्यांचा. विजेच्या खांबावर, सिग्नल झाकून, कुणालाही न विचारता लावलेला. इथे बोलतो तो मतदार, आणि तोही स्वतःच्या मालकीच्या जागेवर.

त्या जागेचा मान केवढा! मी सेंट लुईसला राहतो. इथून जवळच लडू नावाचं छोटं शहर आहे. तिथे मार्गारेट गिलिओ या बाईंनी १९९०मध्ये आखाती युद्धाविरुद्ध अंगणात फलक लावला, आणि पुढे घराच्या खिडकीत साध्या कागदाएवढा एक. घरांवरच्या फलकांना तिथे बंदी होती. बाई कोर्टात गेल्या, आणि १९९४मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका खिडकीतल्या कागदासाठी देशाचं सर्वोच्च न्यायालय! आपल्या मतदारालाही एवढं मोल यावं असं मला फार वाटतं.

पण पुण्याला नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही. इथे अमेरिकेत दोन शेजाऱ्यांच्या गाड्यांवर विरुद्ध पक्षांची स्टिकरं असतात आणि दोघं बोलतात ते फक्त हवापाण्यावर. आमचे सदाशिव पेठेतले काका मत कुणाला दिलं हे काकूलाही सांगत नाहीत, पण अमृततुल्यात समोरच्याशी तासभर कडाडून भांडतात आणि निघताना त्याच्याच स्कूटरवर मागे बसून घरी येतात. मोकळेपणा म्हणाल तर हाही मोकळेपणाच.

माझ्या गाडीवर काहीच नाही. मी व्हिसावर आहे, इथे मला मत नाही. नाव कोथरूडच्या यादीत आहे, पण परदेशातल्या भारतीयाला मतदान केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. २० नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला रजा मिळाली नाही. मुलीची शाळा, तिकिटाचे भाव, सगळं बघावं लागतं. याला कुणी अनास्था म्हणू नये. आम्हाला टपालाने मत देऊ द्या, मी एकही निवडणूक चुकवणार नाही.