नोकरी सोडली, आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून निघाले आणि घोडं एका पत्रावर अडलं

आजही त्या व्हिसा केंद्रावरून रिक्षा गेली की माझं डोकं तापतं. काम झालं, जाऊन आले, मन भरलं. पण काउंटरवरचा तो प्रश्न काही विसरता येत नाही: "मॅडम, एम्प्लॉयरचं एनओसी कुठंय?"

एम्प्लॉयरच नव्हता. चाळिशी ओलांडल्यावर बँकेतली नोकरी मी पूर्ण विचार करून सोडली होती. दक्षिण आफ्रिकेत, क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्यात, रानकुत्र्यांच्या नोंदी ठेवायला जायचं होतं. संस्था शोधणं, फोनवरची मुलाखत, पैसे भरणं पटापट उरकलं. (हो, पैसे आपणच भरायचे असतात. आमच्या काकांना ते अजून पटलेलं नाही. पण कळप शोधायला रोज गाडी निघते आणि त्या डिझेलचे पैसे कुणीतरी द्यायलाच हवेत.)

कागदांच्या यादीत नोकरदारांनी काय जोडायचं ते होतं, धंदेवाल्यांनी काय, विद्यार्थ्यांनी काय, तेही होतं. नोकरी सोडून मधल्या काळात असलेल्या माणसासाठी एक ओळ नव्हती. व्हिसा अर्जाच्या डीएचए-८४ फॉर्मवर व्यवसाय विचारतात, कुठे काम करता तेही विचारतात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हाउसवाइफ टाका ना, मिस्टरांचं पत्र जोडा." मी सांगितलं, सगळा खर्च माझ्या खात्यातून होणार आहे, मिस्टरांचं पत्र कशाला? तर म्हणे, "मग संस्थेचं पत्र काढून टाका, सरळ फिरायला चाललेय म्हणा."

इथे मात्र मी भडकले. संस्थेच्या पत्रात काम बिनपगारी आहे, कुठे राहणार, कधी परतणार, सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते लपवून जायचं आणि जोहान्सबर्गच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं की त-त-प-प करायचं? कुणी कितीही सांगो, हे करू नका. खोट्या कारणावर मिळालेला व्हिसा पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येऊ शकतो.

फाईल परत आली. मग पुन्हा हेलपाटे. दर वेळी काउंटरवर नवा माणूस आणि तोच प्रश्न. शेवटी मीच डोकं लावलं. त्यांना खरं तर एवढंच हवं असतं की ही बाई परत येणार का आणि तिकडे पैसे कुठून आणणार. म्हणून जुन्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर, आयकर विवरणपत्रं, पानोपानी बँकेचा शिक्का मारलेलं तीन महिन्यांचं स्टेटमेंट, एफडीच्या पावत्या, माझ्या नावावरच्या फ्लॅटची घरपट्टी आणि परतीचं तिकीट असं सगळं लावलं. वर एका पानाचं पत्र: नोकरी का सोडली, तिथे काय करणार, खर्च कोण करणार, कधी परतणार. तरीही नन्नाचा पाढा सुरू झाला, तेव्हा सुपरवायझरला बोलावलं. म्हटलं, "निर्णय वकिलातीचा आहे, तुमचा नाही. एनओसी नाही असा शेरा मारा, मी त्याखाली सही करते, पण फाईल घ्या." घेतली. आणि व्हिसा आला! त्या दिवशी आईला पेढे आणून दिले.

रिलीव्हिंग लेटर राजीनाम्याबरोबरच हातात घ्या. नंतर एचआर फोन उचलत नाही.

केनिया, युगांडा, इथिओपिया अशा देशांत उतरून पुढे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस लागू शकते. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. दाखल्याशिवाय परतलात तर आपल्याच विमानतळावरून विलगीकरणात नेऊ शकतात. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो.

कामाचं थोडं सांगते. पहाटे अंधारात उघड्या गाडीच्या मागे उभं राहून अँटेना हळूहळू फिरवायचा. काही कुत्र्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर असते; तिचा टकटक आवाज ज्या दिशेला ठळक होतो तिकडे गाडी. कळप दिसला की प्रत्येकाचा डावीकडून एक आणि उजवीकडून एक फोटो, कारण अंगावरचे ठिपके कुठल्याही दोघांचे सारखे नसतात. गळ्यात तारेचा फास अडकलाय का, हे आधी बघायचं. फास दुसऱ्याच प्राण्यासाठी लावलेले असतात, अडकतात ही रानकुत्री. म्हणून काही कॉलरना धातूच्या पट्ट्या बसवतात, तार गळ्यात रुतू नये म्हणून. या अभयारण्यात रानकुत्री १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा आणून सोडली गेली, त्यामुळे एकेका जनावराची नोंद मोलाची.

आणि सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजायला बोलावणाऱ्या जाहिरातींना कृपा करून भुलू नका. दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंह पिंजऱ्यात वाढवले जातात आणि त्यांतले कित्येक पुढे कुंपणाच्या आत पैसेवाल्या शिकाऱ्यांपुढे सोडले जातात. पैसे भरण्याआधी ईमेल करून विचारा: छावे मोठे झाल्यावर कुठे जातात? सरळ उत्तर आलं नाही तर तिथे एक रुपयाही पाठवू नका.

हो, आणि तो फॉर्म काळ्या शाईनेच भरा.